पहाटेचा बिघाड

पौष लागला की आमच्या घरी पहाटे साडेतीनला गजर होतो. गजर भाऊजींच्या फोनचा, पण यंदा त्याला उठायचं अख्खं घर. कारण पिकअपला धक्का मारायला माणसं लागायची.

आमचं घर महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर मेटगुताडच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा खाली उतरून. दोन एकर स्ट्रॉबेरी आहे. दुपारनंतर तोडणी, संध्याकाळी पनेट, म्हणजे फळांची छोटी खोकी, भरायची, रात्री ट्रे गाडीत लावून वरून ताडपत्री बांधायची आणि पहाटे भाऊजी पसरणीचा घाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डाकडे निघतात. साडेसहाच्या आत पोचलं तर भाव आहे. उशीर झाला तर तोच माल, तीच लाली, पण घेणाऱ्याचे हात आखडलेले असतात. त्यामुळे ती गाडी दारात सुरू होते की नाही, हा आमच्याकडे गाडीचा प्रश्न नसतोच. घराचा असतो.

आवाज मला अजून ऐकू येतो. चावी फिरली की घर्रर्र… मग मोठी गॅप… घर्रर्र… आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझल्यासारखे मंद. भाऊजी थांबायचे, परत चावी. तिसऱ्या-चौथ्या वेळेला सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिले वेढे देणारी मोटर, नुसता कण्हायचा. मग मी, शेजारचे दोघे, सासूबाईंनी कितीही रागावलं तरी मागून हात लावणारे आबा, असे सगळे मिळून गाडी उतारापर्यंत ढकलायचो. भरलेली पिकअप. गार पत्र्याला तळहात चिकटल्यासारखे व्हायचे. उताराला लागली की भाऊजी दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचे, गाडी एक हिसका द्यायची आणि पांढऱ्या धुराचा लोट आमच्या अंगावर टाकून निघून जायची. आम्ही तिथंच उभे. झोप गेलेली, अंगाला घाम आणि घामाला थंडी.

दुपारी मात्र हीच गाडी शहाण्यासारखी अर्ध्या चावीला सुरू व्हायची. सगळा घोळ इथंच होता.

थंडीत गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर गावात औषधं सांगणारे पुष्कळ. कुणी म्हणालं, रात्री बॉनेटवर घोंगडी टाका. टाकली. घोंगडी उबदार असते ती आतल्या माणसाच्या उबेमुळे. इंजिनाला स्वतःची ऊब दोन-तीन तासांपुरतीच, साडेतीनपर्यंत घोंगडीखालचं लोखंडही बाहेरच्याइतकंच गार. कुणी म्हणालं, ऑइलच्या चेंबरखाली शेकोटी करा, ट्रकवाले करतात. डिझेलच्या पाइपांखाली आणि सुक्या गवताच्या अंगणात जाळ करायला मी साफ नकार दिला आणि आजही देईन. एकानं पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरच्या तोंडाशी धरायला सांगितलं. हे तर त्याहून वाईट, कारण सुरू होताना सिलिंडर तापवणारे हीटर प्लग आत लालबुंद असतात. एकजण ठामपणे म्हणाला, डिझेल गोठतंय. मला ते तेव्हाच पटलं नाही, पण का पटलं नाही ते नीट सांगता येत नव्हतं.

बॅटरी बदलली. सगळे आधी तेच करतात, आम्हीही केलं. साडेसहा हजार गेले. आठ-नऊ दिवस गाडी बरी सुरू झाली, आम्ही सुटलो म्हणालो. मग वेण्णा तलावाच्या कडेला गवतावर दव गोठल्याच्या बातम्या आल्या त्या आठवड्यात पुन्हा तेच कण्हणं सुरू. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आपण, आणि संन्यासी साडेसहा हजारांचा होता.

मला पहिला धागा दिला तो आबांनी. आबा चौऱ्याहत्तरचे. अंथरुणात पडल्या पडल्या भिंतीपलीकडचा आवाज ऐकत होते. सकाळी चहाला म्हणाले, "पोरी, ह्येला वेग न्हाय मिळत. वेग न्हाय तर पेटायचं कुठनं?"

त्यांच्या तरुणपणी विहिरीवर एका सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं. त्याला वर एक खटका असायचा. खटका उचलला की सिलिंडरमधला दाब सुटतो आणि हँडल हलकं फिरतं. हिवाळ्यात आबा खटका उचलून आधी दहा-पंधरा वेढे नुसतेच फिरवायचे, तेल सुटं होईपर्यंत. मग वेग धरायचा, चाक घुमायला लागलं की खटका सोडायचा. वेग कमी असताना सोडला तर हँडल उलट मारायचं. त्यांच्या डाव्या मनगटाला अजून ती गाठ आहे. त्या एका वाक्यात ते मला जे सांगत होते, ते मी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवूनही कधी असं जोडून पाहिलं नव्हतं.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. 1893 साली रुडॉल्फ डिझेलनं पेटंट घेतलं त्याचा गाभाच हा, की हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, आणि तापलेल्या हवेत इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल. सतरा-अठरा लिटर हवा एका लिटरच्या जागेत कोंबल्यासारखं. सायकलला हवा भरताना पंपाचा बुडखा गरम लागतो, तसंच, फक्त पाचशे अंशांच्या पुढे. पण ही उष्णता टिकत नाही. भोवती गार लोखंडाच्या भिंती आहेत, त्या ती शोषून घेतात. पिस्टनच्या रिंगांमधून थोडी हवा निसटतेही. पिस्टन झपकन वर गेला तर चोरायला वेळ मिळत नाही. रेंगाळत गेला तर वर पोचेपर्यंत हवा गार झालेली. इंधन येतं, पेटत नाही, वाफ होऊन नळीतून बाहेर पडतं. आमच्या अंगावर यायचा तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेलच होतं.

त्यात आमचं गाव उंचावर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब खालच्यापेक्षा साधारण पंधरा टक्के कमी. म्हणजे सिलिंडरला दाबायला मुळात हवाच कमी मिळते.

म्हणून आता मला कुणी विचारलं, थंडीत गाडी सुरू होत नाही, काय करू, तर मी आधी एवढंच विचारते: फिरत नाही, की फिरूनही पेटत नाही? दोन्ही वेगळी दुखणी आहेत. सेल्फ टणटणीत फिरतोय आणि तरी इंजिन धरत नाही, तर डिझेलकडे बघा, लाइन रात्रीतून एअर घेतेय का, फिल्टरमध्ये पाणी साचलंय का, हीटर प्लग तापतायत का. सेल्फच जड फिरतोय तर तो विजेचा आणि तेलाचा मामला. डिझेल गोठल्यानं सेल्फ हळू फिरत नाही. मला पटलं नव्हतं ते हेच.

आमच्याकडे खरं तर दोन्ही होतं, म्हणून गोंधळ वाढला. वाईच्या एका मिस्त्रींनी हीटर प्लग काढून तपासले. चार सिलिंडरांचे चार. चांगल्या प्लगला मीटर लावलं की ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी रोध दाखवतो. आमच्यातले दोन पार मेलेले, तुटलेल्या तारेसारखे. बदलले. त्याच वेळी कळलं की आधीच्या एका गॅरेजमध्ये ऑइल 20 डब्ल्यू 50 भरलं होतं, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय 15 डब्ल्यू 40. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर; त्याच्या आधीचा आकडा जेवढा लहान, तेवढं तेल थंडीत पातळ राहतं. तेही बदललं. पांढरा धूर गेला. एकदा वेग मिळाला की गाडी लगेच धरायची. पण वेग मिळायलाच तीन-चार चाव्या, आणि ज्या दिवशी पारा पाच-सहावर यायचा त्या दिवशी धक्का ठरलेलाच.

भाऊजींनी गाडी परत वाईला नेली. दुपारी बारा वाजता, घाट उतरून, इंजिन सणसणीत तापलेलं. मिस्त्रींनी चावी मारली, गाडी सुरू. बॅटरी तपासली, उत्तम. सेल्फ तपासला, बरा. मिस्त्री प्रामाणिक माणूस, म्हणाले, "मला काही सापडत नाही, उगाच पार्ट कशाला बदलू?" भाऊजी उतरल्या चेहऱ्यानं घरी आले. कर्जाचे दोन हप्ते थकले होते, ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. तोवर घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

सासूबाईंना दमा आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना दुपारच्या ओपीडीत न्यायचो तेव्हा छाती अगदी साफ असायची, आणि पहाटे चारला त्या खिडकीशी बसून श्वासाला झुंजायच्या. शेवटी एका डॉक्टरांनी फुंकून बघायचं एक छोटं मीटर दिलं. म्हणाले, इथं नका आणू, घरी ठेवा, पहाटे उठल्या उठल्या फुंकायला लावा आणि आकडा लिहा. दुपारचा आकडा आणि पहाटेचा आकडा शेजारी शेजारी आले तेव्हा कुठं औषध ठरलं. ते मीटर अजून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे. त्या रात्री माझी नजर त्याच्यावर गेली आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून मुख्याध्यापकांना विचारून मल्टिमीटर घरी आणला.

पहाटे तीनला मी आणि भाऊजी बाहेर. आकाश स्वच्छ, चांदण्या हाताला येतील अशा. अशा रात्री थंडी जास्त झोंबते, कारण ढगांचं पांघरूण नसतं आणि जमिनीची, गवताची, गाडीच्या पत्र्याची सगळी ऊब सरळ आकाशात निघून जाते. म्हणूनच हवा चार-पाच अंशांवर असतानाही टपावर पांढरं धरतं. शिवाय गार हवा जड, ती पाण्यासारखी सखल जागी उतरते. आमची पिकअप उभी असायची ती खाली, वावराच्या तोंडाशी. नंतर आम्ही तिची जागाच बदलली, वर गोठ्याच्या भिंतीला लागून.

मोजणं साधं आहे, पण ते चावी फिरवत असतानाच करावं लागतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मीटरच्या पिना स्टार्टरपर्यंत पोचेनात म्हणून बेलच्या वायरचे तुकडे जोडले. आधी नुसती बॅटरी: 12.6 व्होल्ट. भरलेली, ठणठणीत. मग भाऊजींनी चावी धरली: बॅटरीच्या दोन बोंडांवर 10.4. चालेल, साडेनऊच्या खाली आलं असतं तर तिच्यावर संशय घेतला असता. मग तोच मीटर सेल्फच्या बोल्टवर आणि त्याच्या अंगावर: 8.3.

बॅटरी 10.4 देतेय, सेल्फला 8.3 पोचतंय. दोन व्होल्ट वाटेत कुणी खाल्ले?

हात थरथरत होते, थंडीनं आणि थंडीनं नव्हे. आधी लाल बाजू, बॅटरीच्या बोंडापासून सेल्फपर्यंत: 0.3. ठीक. मग काळी बाजू, म्हणजे सेल्फपासून इंजिनाच्या लोखंडातून आणि चेसीतून बॅटरीकडे परतायची वाट. एक पिन बॅटरीच्या ऋण बोंडावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. दोन्ही एकाच अर्थिंगचे, त्यांच्यात जवळजवळ काहीच फरक दिसायला नको. भाऊजींनी चावी मारली. घर्रर्र. 1.8.

मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, ती जंपर वायर द्या." एक टोक बॅटरीच्या ऋण बोंडाला, दुसरं थेट इंजिनाच्या ब्रॅकेटला लावलं. "आता मारा."

गाडी अशी सुरू झाली की आम्ही दोघंही दचकलो.

उजाडल्यावर भाऊजी गाडीखाली शिरले. चेसीपासून गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची केबल, वीतभर लांब. वरून काळी, धडधाकट. टोकाचं थिंबल हातात धरून वाकवलं तर रबराच्या आतून हिरवी पूड गळली. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते जसं कळकतं, तसं तांबं आतून कळकलं होतं. निम्म्याहून जास्त तारा गेलेल्या.

हे हिवाळ्यात झालेलं नव्हतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाआधी आम्ही घरांना गवताच्या, प्लॅस्टिकच्या झडी बांधतो, सरपण झाकतो, गोठा झाकतो. गाडी चार महिने तशीच उभी होती. आषाढात आत शिरलेलं पाणी पौषात बोललं.

पण मग दुपारी का नाही बोललं? याचं उत्तर मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ओहम हा जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळेवर शिक्षक होता. 1827 साली त्यानं नियम पुस्तकात मांडला, की रोध तोच असेल तर प्रवाह जेवढा वाढेल तेवढा व्होल्टेज वाटेत जास्त खर्च होईल. पुस्तकातल्या गणितांत रोध दोन ओहम, पाच ओहम असतो. आमच्या केबलचा किती होता? सेल्फ गार इंजिन फिरवताना 300 अँपिअर ओढतो असं धरलं, तर 1.8 भागिले 300. म्हणजे 0.006 ओहम. ओहमचा हजारावा भाग, असे सहा. माझा मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्या केबलला लावला तर तो शून्य दाखवतो. त्याच्या हिशेबी केबल निर्दोष. दुपारी इंजिन तापलेलं, तेल पातळ, सेल्फला निम्म्या प्रवाहात काम भागतं, तर 0.9 व्होल्ट जातात आणि गाडी चालू होते. पहाटे तेल घट्ट, म्हणून सेल्फ दुप्पट मागतो. मागणी दुप्पट की वाटेतली चोरीही दुप्पट. आणि नेमक्या त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यानं मंदावलेली, तिची ताकद पाचव्या हिश्श्यानं तरी घटलेली. नवी बॅटरी आठ-नऊ दिवस चालली ती या चोरीला पुरून उरेल एवढी रग तिच्यात होती म्हणून. गारठा वाढला तशी ती रग संपली.

सेल्फ या यंत्राबद्दल मला तेव्हापासून वेगळाच जिव्हाळा वाटतो. आपण नुसतं सेल्फ म्हणतो, मूळ शब्द सेल्फ-स्टार्टर. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला. त्याआधी केटरिंग दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवायचं काम करत होता, आणि तिथं त्याला उमगलं होतं की जिला क्षणभरच काम आहे त्या छोट्या मोटरकडून तिच्या ऐपतीपलीकडचं काम क्षणभर करून घेता येतं. क्षणभरच. म्हणून चावी दहा सेकंदांच्या वर धरून ठेवू नये, आणि मध्ये अर्धा मिनिट तरी तिला निवू द्यावं. भाऊजी घाईत धरून ठेवायचे, त्यात आमच्या सेल्फचे कार्बन, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे, बरेच घासलेत. हंगाम संपला की तेवढं काम करायचं आहे.

नवी केबल साडेतीनशे रुपयांना आली. चेसीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलिनचा जाड थर दिला. दुसऱ्या पहाटे परत मोजलं: काळ्या बाजूला 0.2. मिस्त्रींना भाऊजींनी फोन करून सांगितलं. ते इतके खूश झाले की त्यांनी भाऊजींकडून मोजायची पद्धत दोनदा समजून घेतली.

जुनी केबल मी टाकली नाही. दहावीच्या वर्गात नेली. मीटर लावला, शून्य. मुलांनी पाहिलं. मग तिच्यातून हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब पेटवला. लख्ख. केबलच्या दोन टोकांत फक्त 27 मिलिव्होल्ट. मग मी सांगितलं की हिच्यामुळे आमच्या घरचे सगळे महिनाभर गाडी ढकलत होते.

मागच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या घरीही पिकअप आहे, बराच वेळ बल्बकडे बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, बल्ब लागतोय तोवर कुणालाच कळणार नाही ना?"

मी म्हटलं, नाही कळणार. मग काय करायचं ते आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. येत्या शनिवारी भाऊजींची पुण्याची फेरी नाही. आदल्या रात्री ते पिकअप शाळेच्या पटांगणात उघड्यावर लावून ठेवणार आहेत, नवी केबल काढून ही जुनी बसवून. दोन मीटर आहेत, आकडे लिहायला दोन मुली, चावीवर भाऊजी. शनिवारची शाळा साडेसातची असते, पण मुलांना सहालाच बोलावलंय, स्वेटर-कानटोपी घालून. ऊन वर आलं की हा प्रयोग जमायचा नाही.